दोन्ही हात अडकलेले असताना नोंद कशी करावी? (कानात किंवा डोक्यावर घालायच्या साधनांबद्दल मदत हवी आहे)

पाणंद:
नमस्कार मंडळी,

मी अकोले तालुक्यात जनावरांची डॉक्टर आहे. शिबिराच्या दिवशी सकाळी सातपासून तीस-चाळीस गायी एकामागून एक खोड्यात (गाय हलू नये म्हणून जिच्यात उभी करतात ती चौकट) येतात. गाभण तपासताना डावा हात खांद्यापर्यंत गायीच्या आत आणि उजव्या हातात शेपूट. प्रत्येकीच्या कानात पिवळा बिल्ला, त्यावर बारा आकडी नंबर. तो नंबर आणि गाय किती महिन्यांची गाभण आहे, की खाली (म्हणजे गाभण नाही) आहे, हे सरकारच्या भारत पशुधन ॲपमध्ये जायला हवं. शेणाने भरलेल्या मोज्याने फोनला हात लावता येत नाही. मग मी तोंडाने सांगते, शेजारी जो कोणी उभा असेल तो वहीत लिहितो, आणि रात्री घरी बसून मी ते ॲपमध्ये भरते.

मागच्या वर्षी यातच चूक झाली. एकाच गोठ्यातल्या दोन गायी. बिल्ले एकाच गठ्ठ्यातून ओळीने मारलेले, त्यामुळे दोघींचे पहिले दहा आकडे सारखेच. वहीत शेवटचे आकडे उलटे पडले आणि खाली असलेली गाय गाभण म्हणून लागली. मालक त्या दिवशी बाहेरगावी होता, भावाने गायी आणल्या होत्या. नंतर मालकाचा फोन आला तेव्हा मी ॲपमध्ये बघूनच सांगितलं. गाय माजावर आली तरी ‘डॉक्टरीण गाभण म्हणाल्यात’ म्हणून त्याने भरवली नाही. दर एकवीस दिवसांनी एक, असे चार माज वाया गेले. तो मला एका शब्दाने बोलला नाही. पण ज्या घराचा खर्च दोन गायींच्या दुधावर चालतो तिथे तीन महिने म्हणजे काय, ते मला कळतं. वहीचं ते पान मी अजून ठेवलंय. सातावर आठ गिरवलेला आहे.

काय करून पाहिलं ते सांगते. फोन गळ्यात अडकवून मराठीत बोलून टाइप करणं: घरी उत्तम चालतं, गोठ्यात रेंज गेली की माझ्या फोनवर बंद. मैत्रिणीचं ॲपल वॉच दोन दिवस वापरलं. त्यात मूठ आवळून किंवा बोटाला अंगठा टेकवून हुकूम देता येतो, २०२१ पासून ती सोय आहे. पण शेपूट धरलेली मूठ कायम आवळलेलीच असते, घड्याळाला काय कळणार?

परदेशातले पशुवैद्य सोनोग्राफीचं चित्र डोळ्यांवरच्या गॉगलमध्ये बघतात. रिअलवेअर कंपनीचं एक यंत्र हेल्मेटला बसतं, डोळ्याच्या जरा खाली छोटा पडदा येतो आणि पडद्यावर दिसणाऱ्या बटणाचं नाव बोललं की ते दाबलं जातं. मला असंच काही हवं आहे, पण मराठी आकडे कळणारं, रेंजशिवाय चालणारं आणि माझ्या खिशाला झेपणारं. कोणी वापरलंय का?

सह्यवाट:
डॉक्टर, चष्म्याच्या मागे लागू नका असं मला वाटतं. गूगलने आपला ‘ग्लास’ नावाचा पडदा असलेला चष्मा २०२३ मध्ये विकायचा बंद केला. आणि हा प्रश्न जुना आहे. अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठातले संशोधक थॅड स्टार्नर १९९३ पासून अंगावर संगणक घालून वावरायचे, टाइप करायला ट्विडलर नावाचा एका हातात मावणारा कीबोर्ड. तुमच्याकडे तो एक हातसुद्धा मोकळा नाही. म्हणजे आवाज हाच मार्ग. कानाच्या पोकळीत जाणारा हेडसेट मात्र घेऊ नका, गालाच्या हाडावर बसणारा घ्या. मागून गाय हलली किंवा मालक ओरडला तर ऐकू यायला हवं.

गोदाम_नं_७:
ताई, मी भिवंडीला गोदामात आहे. आमच्याकडे हे काम रोज होतं. माणूस हेडसेट घालतो, कानात रॅकचा पत्ता ऐकू येतो. रॅकवर दोन-तीन आकडे छापलेले असतात, तेवढे वाचून दाखवायचे. जुळले तरच पुढचं सांगतं. अख्खा नंबर कोणी बोलत नाही. आणि सुरुवातीला प्रत्येकजण ठरलेले शब्द आपल्या आवाजात पुन्हा पुन्हा बोलून यंत्राला शिकवतो. यंत्राला भाषा नाही, तुमचा आवाज ओळखायचा असतो. आमच्या गोदामातला बिहारचा पोरगा भोजपुरीत आकडे म्हणतो, चालतं.

तुम्ही बारा आकडे बोलूच नका. आदल्या रात्री त्या गावची यादी फोनमध्ये घ्या, शेवटचे चार बोला, कानात मालकाचं नाव आलं की ‘बरोबर’ म्हणा. आणि नंबर हात घालायच्या आधीच, गाय खोड्यात शिरताना. नंबर आणि तपासणी एकत्र कशाला?

पाणंद:
दादा, शेवटचे चार आकडे हे मला सुचलंच नव्हतं. मनापासून आभार. पण माझी चूक यात पकडली गेली नसती. दोन्ही गायी एकाच मालकाच्या होत्या, कानात दोन्ही वेळा तेच नाव आलं असतं.

गोदाम_नं_७:
मग नाव नको, खूण ऐकवा. गाईंना खुणा असतातच ना?

पाणंद:
असतात. त्या दोघींतली एक डांगी, काळे ठिपके असलेली. दुसरी संकरित, कपाळावर चांद. ‘कपाळावर चांद’ असं कानात आलं असतं आणि समोर ठिपक्यांची गाय असती, तर मी तिथेच थांबले असते. बिल्ला मारतानाच खूण लिहायला हवी. या रविवारच्या गावची यादी मी आजपासून तशी करायला घेते, मालकांना फोन करून.

आता एकच अडतंय. फोनवर रेंजशिवाय हे शब्द ओळखणारं काही आहे का? शून्य ते नऊ, बरोबर, चूक, गाभण, खाली, आणि महिने. जास्त नाही.

सह्यवाट:
एवढे कमी शब्द असतील तर फोनवरच बसवता येईल, नेट लागणार नाही. मी प्रयत्न करतो. प्रत्येक शब्द तीस-तीस वेळा रेकॉर्ड करून पाठवा. घरात बसून नको, गोठ्यात करा, कुट्टी मशीन चालू असताना. ‘सहा’ आणि ‘सात’ जास्त वेळा घ्या, तिथे गोंधळ होईल. आणि शिबिरात मास्क लावत असाल तर रेकॉर्डिंगलाही मास्क लावा.

पाणंद:
मास्क असतो. उद्या पहाटे धारांच्या वेळी करते, तेव्हा मशीन चालू असतं.