डायपरचा वास घरात राहू नये म्हणून : मुंबईतल्या घरांचे अनुभव

वापरलेल्या डायपरची अडचण मुंबईत मुळात जागेची आहे. ज्या घराला परसदार किंवा निदान एखादी स्वतंत्र मोरी असते, तिथे हा कचरा माणसांच्या वावरापासून चार हात लांब ठेवता येतो. आपल्याकडे मात्र स्वयंपाकाचा ओटा, पाळणा आणि कचऱ्याचा डबा ही तिन्ही बहुधा एकाच खोलीत नांदतात. त्यात पावसाळ्यात खिडक्या बंद ठेवाव्या लागतात, आणि 2018 मध्ये राज्यात प्लास्टिकबंदी आल्यापासून पूर्वी घरोघरी गादीखाली साठणाऱ्या पातळ पिशव्याही कमी झाल्या आहेत. डायपर काढल्यापासून तो इमारतीबाहेर जाईपर्यंत आपण त्याचे नेमके काय करता, हे या धाग्यावर सविस्तर लिहावे, अशी विनंती आहे. बाळांइतकेच घरातील वृद्धांचे आणि रुग्णांचे डायपर हाही धाग्याचा विषय आहे, कारण त्याबद्दल मोकळेपणाने फार थोडे लोक बोलतात.

आरंभी वासाचे कारण सांगून ठेवतो. ताज्या लघवीला तसा फारसा वास नसतो. तिच्यातील युरियाचे जिवाणू अमोनियात रूपांतर करतात, तेव्हा तो नाकाला झोंबणारा दर्प सुटतो, आणि उष्ण, दमट हवेत हे काम झपाट्याने होते. शीचा वास मात्र गंधकयुक्त द्रव्ये, इंडोल आणि स्कॅटोल यांच्यामुळे पहिल्या क्षणापासून असतोच. डायपरमधील जेल पाणी धरून ठेवतो, वास धरून ठेवत नाही. त्यामुळे शूचा डायपर आणि शीचा डायपर यांना एकच उपाय लावून भागत नाही, असे माझे मत आहे.

गोरेगाव (पूर्व), 11व्या मजल्यावरील सदनिका

मुलीचे उष्टावण होईपर्यंत आम्हाला या प्रश्नाची झळ लागली नव्हती. केवळ अंगावरच्या दुधावर असलेल्या बाळाच्या शीला वास कमी असतो, आणि ती पातळ असल्यामुळे झटकून काढण्यासारखीही नसते. वरणभात, केळे आणि अंड्याचा बलक सुरू झाल्यावर मात्र सारे चित्र पालटले. तेव्हापासून आमच्या घरी नियम असा आहे की शी आधी संडासात जाते आणि डायपर नंतर डब्यात जातो. घट्ट शी डायपर तिरपा केला की आपोआप कमोडमध्ये पडते. चिकटलेली असेल, तर टॉयलेट पेपरच्या तुकड्याने लोटावी. त्यावर जेट स्प्रे मारण्याचा मोह आवरावा, कारण आतला जेल ते सगळे पाणी पिऊन फुगतो, डायपर दुपटीने जड होतो आणि वाढलेल्या ओलीबरोबर वासही वाढतो.

दुसरी गोष्ट लहान आहे, पण ती अनेकांना ठाऊक नसते. पँटसारख्या डायपरच्या मागच्या बाजूला, कमरेपाशी, घडी घातलेली एक चिकटपट्टी असते आणि पुष्कळांना ती केवळ मागची बाजू ओळखण्याची खूण वाटते. ती पट्टी टाकण्यासाठीच दिलेली असते. दोन्ही कडेच्या शिवणी फाडाव्यात, पुढच्या बाजूकडून मागे घट्ट गुंडाळत यावे, आणि शेवटी ती पट्टी उलगडून गुंडाळीभोवती ओढून चिकटवावी. नीट जमले की गुंडाळी मुठीत मावते, ओली बाजू कुठेही उघडी पडत नाही आणि आत हवा फारशी उरत नाही. पट्ट्या असलेल्या डायपरला हेच काम दोन्ही बाजूंच्या पट्ट्या आडव्या लावून करता येते.

डब्याबद्दल इतकेच सांगते की आम्ही प्लास्टिकचा डबा काढून टाकला, कारण प्लास्टिक स्वतः वास शोषून घेते आणि कितीही धुतले तरी तो सोडत नाही. त्याऐवजी घट्ट झाकणाचा, धान्य ठेवतात तसा स्टीलचा डबा ठेवला आहे. तो बाल्कनीत उन्हात ठेवत नाही, सावलीत ठेवतो. ऊन लागले की झाकण उघडताच सगळा वाफारा तोंडावर येतो.

लालबाग, चाळीतील खोली

गोरेगावच्या ताईंनी लिहिलेले वाचून मला बरे वाटले, परंतु आमच्याकडे संडास मजल्याच्या टोकाला आहे. रात्री अडीच वाजता नातवाचा डायपर घेऊन गॅलरीतून तिथपर्यंत जाणे सुनेला शक्य नसते, आणि ते मी तिला सांगणारही नाही. आम्ही शीसाठी झाकणाचे एक लहान भांडे ठेवले आहे. त्यात थोडे पाणी असते, रात्रीची शी त्यात काढतो आणि पहाटे संडासात ओतून भांडे धुतो. डायपर वर्तमानपत्राच्या दोन घड्यांत बांधला जातो. कागद ओल टिपतो, म्हणून कागद आत आणि पिशवी बाहेर, हा क्रम आम्ही मोडत नाही.

पिशवी दुधाची असते. एक लिटरची पिशवी कोपऱ्यात न कापता वरच्या संपूर्ण कडेने कापली, धुऊन दोरीवर वाळवली, की लहान बाळाचा गुंडाळलेला डायपर तिच्यात बरोबर बसतो. भंगारवाला दुधाच्या पिशव्या किलोवर घेतो आणि आमचे हे त्याला मुळीच आवडलेले नाही.

आमची खरी डोकेदुखी वास नसून उंदीर आहेत. चाळीच्या मागे हाऊस गल्ली, म्हणजे दोन इमारतींमधली सांडपाण्याची अरुंद बोळ आहे, आणि एखाद्या घराने खिडकीतून डायपर खाली टाकला, तर रात्रीत त्याच्या चिंध्या होतात आणि तो पांढरा लगदा पावसाच्या पाण्याबरोबर गटाराच्या तोंडाशी जाऊन बसतो. पावसाळ्यात उंदरांच्या मुतातून लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिसचा) ताप येतो, हे या भागात लहान मुलांनाही पाठ आहे. दिवसा आम्ही लंगोट वापरतो, डायपर फक्त रात्री आणि बाहेर जाताना, त्यामुळे टाकण्याचे काम आपोआपच कमी होते. पावसात लंगोट वाळत नाहीत, ही तक्रार खरी आहे. इस्त्री फिरवून ते कोरडे केल्याशिवाय बाळाला बांधू नयेत.

विक्रोळी

मी वेष्टनांच्या व्यवसायात आहे, म्हणून पिशवीबद्दलच लिहितो. साध्या पॉलिथिनची पिशवी पाणी अडवते, पण वासाचे बारीक रेणू तिच्यातून हळूहळू बाहेर झिरपतात. गाठ कितीही घट्ट मारली तरी संध्याकाळपर्यंत दर्प येतो, त्याचे कारण हेच आहे. डायपरसाठी महाग विकल्या जाणाऱ्या खास पिशव्या अनेक पदरांच्या असतात आणि त्यातला एक पदर वास अडवणारा असतो. असाच पदर घरात फुकट येत असतो: वेफर्स, फरसाण, चहा आणि बिस्किटे यांच्या आतून चंदेरी चकाकणाऱ्या पाकिटांवर धातूचा अतिपातळ थर असतो आणि तो वास पुष्कळ अडवतो. फरसाणाचे मोठे पाकीट वरून सरळ कापून ठेवावे, शीचा डायपर त्यात घालून तोंड दोनतीन वेळा दुमडावे आणि रबर लावावे. ही पाकिटे सहसा भंगारात विकली जात नाहीत, त्यामुळे लालबागच्या आजींच्या भंगारवाल्याशीही वैर येणार नाही.

विलेपार्ले (पूर्व), अंथरुणाला खिळलेली आई

मोठ्या माणसाच्या डायपरचे गणित वेगळे असते, कारण तो ओला झाला की चांगलाच जड होतो, साधी पिशवी त्या वजनाने फाटते आणि मुठीत मावण्याचा तर प्रश्नच नसतो. आम्ही डायपर बदलण्याआधी पिशवी उघडून, तिची कड बाहेर दुमडून, पलंगाशेजारी खुर्चीवर ठेवतो. डायपर काढल्यावर तो हातात धरून पिशवी शोधत फिरण्यात जी दोन मिनिटे जातात, त्यातच खोलीभर वास पसरतो आणि आईला संकोच होतो. तिला बोलता येत नाही, पण नाक मुरडलेले तिला कळते; म्हणून ब्युरोकडून आलेल्या आयाबाईंना पहिल्याच दिवशी मी सांगितले होते की तोंडाला हवा तर रुमाल बांधा, पण चेहरा वाकडा करू नका.

डायपर काढताना तो दोन्ही कडांनी आत वळवत पाठीखालून ओढला जातो, खाली अंथरलेला कागद त्याच्यासकट गुंडाळला जातो आणि पिशवीत टाकण्यापूर्वी तळाशी मूठभर खाण्याचा सोडा पसरलेला असतो. सोड्याने आंबट वास कमी होतो, अमोनियाचा दर्प तितकासा नाही. डब्यात लोणारी कोळसाही ठेवून पाहिला. थोडा फरक पडतो, पण तो वारंवार बदलावा लागतो, त्यामुळे त्याचा फार गाजावाजा करण्यासारखे काही नाही.

उपयोग झाला तो वेळेचा मेळ घालण्याचा. आमच्या इमारतीत कचरा नेणाऱ्या मावशी सकाळी आठच्या सुमारास येतात, म्हणून रात्रभराचा भरलेला डायपर त्याआधी अर्धा तास बदलला जातो आणि पिशवी घरात जेमतेम तेवढाच वेळ राहते. उदबत्ती आणि सुगंधी फवारे आम्ही बंद केले, कारण त्यांनी एक वास जाऊन दुसरा येत नाही, दोन्ही राहतात. एक इशारा मात्र द्यायला हवा: लघवीला अचानक नेहमीपेक्षा उग्र वास येऊ लागला, तर डबा बदलण्याआधी डॉक्टरांना कळवावे. पाणी कमी पडणे किंवा लघवीचा संसर्ग, यांपैकी काहीतरी असण्याचा संभव असतो, आणि बोलू न शकणाऱ्या माणसाच्या बाबतीत कधीकधी तेवढीच खूण मिळते.

चेंबूर, सोसायटीच्या कार्यकारिणीवर काम केलेले गृहस्थ

डायपर किंवा त्याचे फाडलेले तुकडे कमोडमध्ये टाकू नयेत, एवढी विनंती मी इमारतीतील प्रत्येक घराला केलेली आहे. आतील जेल पाइपमध्ये फुगून बसतो, चेंबर तुंबतो, आणि मग तळमजल्यावरच्या कुटुंबाच्या न्हाणीघरात सर्वांची घाण उलटी येते. डक्टमध्ये, म्हणजे पाइपांच्या उभ्या पोकळीत टाकणाऱ्यांबद्दल न लिहिलेलेच बरे.

ओला की सुका, या प्रश्नावर आमच्याकडे सभेत भांडणे झाली आहेत. 2016 च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांत वापरलेले डायपर आणि सॅनिटरी पॅड उत्पादकाने दिलेल्या पाकिटात किंवा योग्य वेष्टनात घट्ट गुंडाळून सुक्या कचऱ्याच्या डब्यात ठेवावेत असे सांगितले होते. ओल्या कचऱ्यात ते गेले की खताचा सगळा ढीग बिघडतो. पण सुका कचरा पुढे हातांनी निवडला जातो, आणि आत काय आहे हे न कळल्यामुळे निवडणाऱ्या बाईला ते पुडके उघडून पाहावे लागते. म्हणून पुडक्यावर लाल पेनाने ठळक खूण करण्याची पद्धत आम्ही लावली. मे 2025 पासून मुंबई महानगरपालिकेने सॅनिटरी (डायपर, पॅड) आणि विशेष काळजीचा (मुदत संपलेली औषधे यांसारखा) घरगुती कचरा वेगळा नेण्याची सेवा सुरू केली आहे आणि तिच्यासाठी क्यूआर कोडद्वारे नोंदणी करता येते. ज्या सोसायट्यांनी अजून नोंदणी केलेली नाही, त्यांनी पुढच्या सभेची वाट पाहू नये.

डायपर जाळण्याचा सल्लाही कोणी देऊ नये. ओला जेल जळत नाही, नुसता धुमसतो, आणि वरच्या प्लास्टिकचा धूर शेजारच्या घरात जातो.

दहिसर, निवृत्त परिचारिका

डबा धुण्याविषयी कोणी लिहिले नाही, म्हणून लिहिते. डायपरच्या डब्यात ब्लीच ओतू नये. लघवीतील अमोनिया आणि ब्लीच एकत्र आले की क्लोरामाइन हा विषारी वायू तयार होतो, आणि बंद न्हाणीघरात डोळे चुरचुरणे, खोकला, छातीत जळजळ असा त्रास होतो. डबा आधी साबणाच्या पाण्याने स्वच्छ धुवावा. अमोनियाचा दर्प उरलाच, तर पांढऱ्या व्हिनेगरचे पाणी काही वेळ भरून ठेवावे, कारण अमोनिया अल्कधर्मी असतो आणि आम्लाने तो शमतो. मात्र व्हिनेगर आणि ब्लीच हेही कधी एकत्र करू नयेत, त्यातून क्लोरीन निघतो. शेवटी डबा कोरडा होऊ द्यावा. उघड्या डायपरवर माशीने घातलेल्या अंड्यांतून उन्हाळ्यात एका दिवसाच्या आत अळ्या बाहेर पडतात, तेव्हा झाकण नीट लावणे हे केवळ वासासाठी नसते.

बाळाची शी निरुपद्रवी असते, हा समज सोडून द्यावा. 6, 10 आणि 14 आठवड्यांना रोटाव्हायरसची लस पाजली जाते, आणि त्यानंतर काही दिवस लसीतील विषाणू शीतून बाहेर पडत असतो. घरात केमोथेरपी घेणारे, म्हणजे प्रतिकारशक्ती घटलेले कोणी असेल, तर त्या दिवसांत त्यांनी डायपर बदलू नये, आणि इतरांनी साबणाने हात धुतल्याशिवाय बाळाची बाटली भरू नये.

बोरिवली (पश्चिम)

आमच्या इमारतीत रविवारी कचरा उचलला जात नाही आणि शनिवारी सकाळनंतरचे सगळे डायपर सोमवारपर्यंत घरात राहतात. जिन्यात डबा ठेवायला सोसायटीची मनाई आहे, आणि ती रास्तच आहे. या दिवसांत कोणी काय करते?

गोरेगाव (पूर्व), पुन्हा

आमच्याकडेही तसेच आहे. शूचे डायपर कागदात बांधून स्टीलच्या डब्यात राहू देते, त्यांना दोन दिवस चालते. शीचे मात्र विक्रोळीच्या दादांनी सांगितलेल्या चंदेरी पाकिटात वेगळे ठेवते. शनिवारी संध्याकाळी मुलीला पेरू किंवा अंडे देत नाही, हे सासूबाईंना अजून पटलेले नाही.