मदत हवी आहे: रोममध्ये शिकताना कमी पैशात, एका दिवसात कोणते अवशेष बघून होतील?

नमस्कार मंडळी,

पुण्यात आर्किटेक्चरच्या चौथ्या वर्षाला आहे. सप्टेंबरपासून एका सेमिस्टरसाठी रोमच्या विद्यापीठात जाते आहे. व्हिसा, खोली, विमा सगळं मार्गी लागलंय. चटण्या आणि मेतकूट किती न्यायचं यावर घरी रोज परिषद भरते, त्यामुळे तेही विचारत नाही.

शनिवार-रविवारी रोमच्या आसपासचे जुने अवशेष बघायचेत. सकाळी निघून रात्री परत, मुक्काम नाही, टूर कंपनी तर नाहीच. इथे कसं, शिवाजीनगरहून लोणावळा लोकल धरायची, मळवलीला उतरून भाजे करायचं, मग पलीकडे कार्ल्याला चढायचं आणि संध्याकाळच्या लोकलने घरी. लोकलचं तिकीट, वडापाव आणि लेण्यांचे २५-२५ रुपये, संपला खर्च. तसं काही तिकडे जमतं का? प्रवास, प्रवेश, खाणं सगळं धरून दिवसाला २० युरोच्या वर जायचं नाहीये. कलोसियम शहरातच आहे, ते होईल केव्हाही. डोक्यात ओस्तिया, तिवोली, चेरवेतेरी आणि पॉम्पेई आहेत. यातलं काय बसेल? पॉम्पेई एका दिवसात म्हणजे वेडेपणा आहे का? आणि विद्यार्थी सवलतीबद्दल दहा जण दहा गोष्टी सांगतात, तिथे राहिलेलं कोणी नीट सांगेल का?

प्रतिसाद (रोममध्ये मास्टर्स केलेली, सध्या बाणेर)

आधी सवलत, कारण तुझं निम्मं बजेट तिथेच सुटतंय. सरकारी स्थळांवर १८ ते २५ वयाच्या लोकांना २ युरोत प्रवेश असतो, पण तो युरोपीय संघाच्या नागरिकांना. आपला पासपोर्ट दाखवून उपयोग नाही. कार्ल्याला परदेशी पाहुण्यांकडून ३०० रुपये घेतो ना आपण, त्याची ही परतफेड समज! पण आर्किटेक्चर, पुरातत्त्व, कलेतिहास अशा विषयांना युरोपीय संघातल्या विद्यापीठात नाव नोंदवलेलं असेल तर सरकारी स्थळांवर प्रवेश मोफत असतो, तिथे नागरिकत्वाचा प्रश्न येत नाही. नुसतं आयकार्ड पुढे करू नकोस, त्यावर विषय लिहिलेला नसतो. चालू वर्षाच्या नोंदणीचा दाखला विद्यापीठातून काढ आणि छापील प्रत कायम बॅगेत ठेव. शिवाय महिन्याच्या पहिल्या रविवारी सरकारी स्थळं सगळ्यांनाच मोफत असतात, म्हणून त्या दिवशी कलोसियमच्या रांगेच्या वाटेलाही जाऊ नये.

सुरुवात ओस्तिया आंतिकापासून कर. मेट्रोच्या बी लाइनवर पिरामिदे स्टेशन आहे (बाहेर खरोखरच एक पिरॅमिड उभा आहे, एका रोमन अधिकाऱ्याचं थडगं). त्याला लागूनच ओस्तियाच्या लोकलचं स्टेशन. अर्ध्या तासाचा प्रवास, शहराच्या साध्या तिकिटावर. ३५ युरोचा महिन्याचा पास काढलास तर वेगळा खर्चच नाही.

हे रोमचं जुनं बंदर. तिबर नदीच्या गाळाने किनारा पुढे सरकला आणि गाव मागे राहिलं. नाट्यगृहामागे एक चौक आहे, भोवती व्यापाऱ्यांची दुकानं. प्रत्येकाच्या दाराशी जमिनीवर काळ्या-पांढऱ्या खड्यांचं चित्र: कुठे गलबत, कुठे दीपगृह, एके ठिकाणी चक्क हत्ती. दुकानाची पाटी पायाखाली! पुढे एक खाणावळ लागते. संगमरवरी कट्टा, भांडी मांडायच्या पायऱ्या आणि भिंतीवर खाद्यपदार्थांचं चित्र, म्हणजे मेन्यूकार्डच. बहुमजली भाड्याची घरंही आहेत, तुला त्यातच दिवस पुरणार नाही. माझं मत विचारशील तर एक दिवस हातात असेल तर पॉम्पेई सोड, ओस्तिया कर.

तिवोलीला हाड्रियन बादशहाचा व्हिला आहे. मेट्रोने पोन्ते माम्मोलो, तिथून कोत्रालची (आसपासच्या गावांना जाणारी बससेवा) बस. परतीचं तिकीटही आधीच घेऊन ठेव. रविवारी या बस कमी असतात, म्हणून तिवोली शनिवारी आणि ओस्तिया रविवारी.

प्रतिसाद (डेक्कनचे एक काका)

वर ताईंनी पॉम्पेई सोडायला सांगितलंय, त्याला माझा कडाडून विरोध. पण कारण पॉम्पेई नव्हे, नेपल्सचं पुरातत्त्व संग्रहालय. तिथे हस्तिदंताची एक छोटी भारतीय स्त्रीमूर्ती आहे. १९३८ साली पॉम्पेईच्या उत्खननात सापडली आणि ‘पॉम्पेईची लक्ष्मी’ म्हणून ओळखली जाते. इ. स. ७९ मध्ये ज्वालामुखीने गाव गाडलं, म्हणजे ती त्याआधी तिथे पोचली होती. तशाच घडणीची हस्तिदंती कामं आपल्याकडे तेर आणि भोकरदनला मिळाली आहेत, त्यामुळे ती सातवाहनांच्या मुलखातून गेली असावी असं काही अभ्यासक मानतात. कार्ल्याच्या खांबांवर यवन (म्हणजे ग्रीक किंवा पश्चिमेकडच्या) दात्यांचे लेख वाचले असशीलच. त्या व्यापाराचं दुसरं टोक बघायचं तर नेपल्सला जायलाच हवं.

मात्र २० युरोत आणि एका दिवसात नाही. रोम ते नेपल्स वेगवान गाडीला सव्वा तास, पण आयत्या वेळचं तिकीट महाग. साध्या रीजनल गाडीला जवळजवळ तीन तास. पुढे पॉम्पेईपर्यंत लोकलचा पाऊण तास वेगळा. तेव्हा एक रात्र हॉस्टेलला राहा, एक दिवस पॉम्पेई, एक दिवस संग्रहालय. संग्रहालय मंगळवारी बंद असतं. रीजनलचं कागदी तिकीट फलाटावरच्या यंत्रात पंच केल्याशिवाय चढू नकोस, तिकीट असूनही दंड होतो.

प्रतिसाद

ओस्तिया सोमवारी बंद. जाड तळव्याचे बूट घाल, रोमन रस्त्यांचे दगड आपल्या गडांवरच्या पायऱ्यांइतकेच बेभरवशाचे असतात. पाणी विकत घेऊ नकोस, रोममध्ये जागोजागी पिण्याच्या पाण्याचे नळ अखंड वाहतात.

मूळ प्रश्नकर्ती

काका, ताई, खूप आभार! दाखल्याचं कोणीच सांगितलं नव्हतं. नेपल्सचं मुक्कामाचं बघते, आईला ती लक्ष्मी दाखवून परवानगी काढीन. चेरवेतेरीबद्दल कोणीच बोललं नाही, ते वगळू का?

प्रतिसाद (बाणेर)

अजिबात वगळू नकोस, लिहायचं राहिलं. एत्रुस्कन लोकांची (रोमनांच्या आधी इथे नांदणाऱ्या) दफनभूमी आहे. खडकात कोरलेली थडगी, पण आतून घरासारखी: छताला दगडातच कोरलेल्या तुळया, दारांच्या चौकटी, उशा असलेले पलंग. एका थडग्यात तर भिंतींवर आणि खांबांवर सुऱ्या, भांडी, दोरखंड असा सगळा संसार उठावात केलेला आहे. भाज्याला लाकडी बांधकामाची दगडातली नक्कल बघितली आहेस ना, तीच कल्पना, तीही इ. स. पूर्व काळातली. स्केचबुक ने.

मेट्रोच्या ए लाइनवर कोर्नेलियाला उतर, तिथून बस. गावापासून दफनभूमीपर्यंत पुढे चालावं लागतं. शनिवारीच जा, आणि उतरल्या उतरल्या परतीच्या बसचं वेळापत्रक स्टॉपवरून फोनमध्ये टिपून घे. शेवटच्या बसच्या भरवशावर राहू नकोस, त्याच्या आधीची धर.