किरणोपचाराला हार्मोन उपचाराची जोड कशासाठी?

प्रोस्टेटच्या (पुरुषांच्या मूत्राशयाखालील ग्रंथीच्या) कर्करोगात गाठीवर थेट किरण दिले जात असतील, तर पुढे दोन-तीन वर्षे हार्मोन दाबणारी इंजेक्शने कशाला, हा प्रश्न रास्त आहे. प्रोस्टेटच्या कर्करोगपेशी टेस्टोस्टेरॉन या पुरुषी संप्रेरकावर (हार्मोनवर) पोसल्या जातात. पण किरणांनी तुटलेला आपला डीएनए सांधून घ्यायलाही त्यांना त्याच संप्रेरकाची मदत होते, म्हणून ते दाबलेले असताना दिलेले किरण अधिक परिणामकारक ठरतात. शिवाय तपासणीत न दिसणाऱ्या, प्रोस्टेटबाहेर निसटलेल्या पेशींपर्यंत किरण पोहोचत नाहीत, औषध पोहोचते. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या युरोपीय चाचणीत केवळ किरणोपचार घेतलेल्यांपैकी ६२ टक्के रुग्ण पाच वर्षांनी हयात होते, तर सोबत तीन वर्षे गोसेरेलिन हे टेस्टोस्टेरॉन दाबणारे इंजेक्शन घेतलेल्यांपैकी ७९ टक्के.

अतिजोखमीच्या रोगात या उपचाराला अबिराटेरोन या आणखी एका हार्मोनविरोधी औषधाची दोन वर्षे जोड दिल्यास रोग दूरवर पसरण्याला आणखी आळा बसतो, हे ब्रिटनमधील स्टॅम्पीड चाचणीने दाखवले. त्यात एन्झाल्युटामाइड या तशाच दुसऱ्या औषधाची भर घालून मात्र जादा लाभ झाला नाही, उलट त्रास वाढला. त्यामुळे औषधे वाढवली की उपचार सुधारला, असे समजणे मला घातक वाटते. कमी जोखमीच्या रोगात तर हार्मोन उपचाराची सहसा गरजच नसते. मध्यम जोखमीत, लागलाच तर, बहुधा चार ते सहा महिने पुरतात.

दीर्घ उपचारात हाडे ठिसूळ होतात, अंगातून गरम वाफा येतात. अबिराटेरोनबरोबर प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड घ्यावेच लागते, आणि रक्तदाब, पोटॅशियम व यकृताच्या तपासण्या चुकवून चालत नाहीत.