आखूड केसांच्या मांजरीसाठी ब्रश कोणता घ्यावा? तारांच्या ब्रशने ओरखडे उठले, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

आमची मनी ९ वर्षांची. साधी देशी, राखाडी पट्ट्यांची, केस आखूड आणि अंगाला चापून बसलेले. आजवर तिला विंचरायची कधी गरजच पडली नाही, चाटूनपुसून स्वतःच लख्ख राहायची. वर्षभरात वजन वाढलं आणि आता शेपटीच्या बुडाशी तिचं तोंड पोचत नाही. तिथे कोंडा धरतो, गळलेले केस तसेच अडकून राहतात. महिन्यातून दोन-तीनदा केसांचा गोळाही ओकते.

म्हणून बारीक वाकड्या तारांचा ब्रश मागवला. केस भरपूर निघत होते, तशी मी जोर लावत गेले. चौथ्या दिवशी लव बाजूला करून पाहिलं तर कातडीवर लाल रेघा, अगदी ओळीने, आणि एकीवर खपली धरलेली. जिवाला फार लागलं. पाठीची कातडी थरथरवून, शेपूट आपटून ती सांगत होती, मला ते लाड वाटले. डॉक्टर म्हणाले, पिसवा नाहीत, बुरशी नाही, ओरखडे ब्रशचेच. आता ते भरलेत.

रबरी हातमोजा घेऊ की रबरी ब्रश? मोज्याने केस खरंच निघतात, की नुसतं कुरवाळणं होतं? दुकानदार ब्लेडवालं, म्हणजे दातेरी पात्याने गळके केस काढायचं अवजार घ्या म्हणतोय. आणि ब्रश दिसताच ती पलंगाखाली जाते, त्याला काय करू?

प्रतिसाद १

ताई, ब्लेडवालं नकोच. जास्त वेळा फिरवलं, दाबलं, की चांगले केसही तुटतात.

मऊ, लांब बोंडांचा रबरी ब्रश घ्या. घोड्याला खरारा करतात, त्याचंच हे छोटं भावंड. आखूड केसांत रबर घासलं की सुटलेले केस आपोआप वर येतात, ओढावे लागत नाहीत. केसांच्या दिशेनेच, हलक्या हाताने, मणक्यावर न दाबता. पोटाला हात लावू नका. मग ओलसर फडकं फिरवा, कोंडा त्याला चिकटतो. मोज्याने केस कमी निघतात, पण घाबरलेल्या मांजरीला तो हातासारखाच वाटतो. तुम्ही मोज्यापासून सुरुवात करा, आधी गाल आणि हनुवटी. ब्रश आठवडाभर तिच्या ताटलीजवळ नुसता पडू द्या. पुढेही दोन मिनिटांत थांबायचं, शेपूट हलली तर त्याआधीच.

बारीक दात्यांची फणी पिसवा शोधण्यापुरती. काळे कण मिळाले तर ओल्या कापसावर ठेवून बघा, तांबूस डाग पसरला तर पिसवांची विष्ठा. आणि कुत्र्यांचं पिसवांचं औषध मांजरीला कधीही लावू नका. त्यातल्या काहींत परमेथ्रिन नावाचं कीटकनाशक असतं, ते मांजरीच्या जिवावर बेततं.

प्रतिसाद २

तोंड पोचत नाही ते फक्त वजनामुळेच, असं धरून चालू नका. या वयात सांधे दुखत असले तरी मांजर मागचं अंग चाटायचं सोडते. ओकण्याचंही डॉक्टरांच्या कानावर घाला. वजन त्यांना विचारून हळूहळू उतरवा, उपाशी ठेवू नका, लठ्ठ मांजराचं यकृत त्याने बिघडतं.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. मोजा आजच आणते. सांध्यांचं वाचलं आणि आठवलं, हल्ली ती खिडकीत थेट उडी मारत नाही. आधी खुर्चीवर चढते, थोडी थांबते, मग वर. मी ते वजनावर ढकललं होतं. शनिवारी पुन्हा दाखवून आणते.