मदत हवी आहे: केमिकल गळतीसाठी वेगळी टीम कशी उभारायची?

नमस्कार मंडळी. मी चेंबूरकडच्या एका फायर स्टेशनला आहे. माहुलच्या रिफायनऱ्या, टँकरची वर्दळ, त्यात २०१० ची शिवडीची क्लोरीन गळती. म्हणून घातक रसायनांसाठी वेगळी टीम बांधायचं चाललंय. रसायनांपासून वाचवणारे सूट, गॅस ओळखणारे डिटेक्टर पैसे टाकले की येतात. खरा पेच माणसांचा. पूर्ण बंद सूटमध्ये आपल्या दमट उकाड्यात जवान किती वेळ टिकतो? पाठीवरच्या सिलिंडरमधली हवा संपायच्या आत बाहेर येऊन सूट धुऊन घेणंही त्यातच आलं. दोघं आत, दोघं बाहेर तयार, धुणारे आणखी वेगळे. पाळ्यांमध्ये हे कसं बसवता? एनडीआरएफ किंवा कारखान्यांच्या फायर टीमसोबत सराव केलेलं कुणी आहे का इथे? आणि हो, सूट धुतल्याचं पाणी कशात साठवता? गटारात तर सोडता येत नाही.