'कॉल ऑफ द व्हॅली'मधली गिटार: काब्रांचं नाव आपण का गाळतो? (चर्चा)

खर्जाची तार

परवा एका मित्राकडे 'कॉल ऑफ द व्हॅली' ही शास्त्रीय संगीताची तबकडी लावली होती. पहिली बाजू संपली तसं एकाने विचारलं, "संतूर शिवकुमारजींचं, बासरी हरिजींची, आणि हे सरोद कोणाचं?" सरोद नव्हतंच ते, गिटार होती. पं. ब्रिजभूषण काब्रांची. आम्ही आठ जण होतो, सगळे नेमाने गाणं-बजावणं ऐकणारे, आणि नाव दोघांनाच माहीत होतं.

ही तबकडी १९६७ची. एचएमव्हीच्या जी. एन. जोशींनी, म्हणजे 'रानारानात गेली बाई शीळ' गाणाऱ्या आपल्या जोशींनीच ती घडवून आणली. काश्मीरमधल्या मेंढपाळाचा एक दिवस, पहाटेच्या अहिर भैरव रागापासून पुढे पिलू, भूप, देस, पहाडी. तबल्यावर माणिकराव पोपटकर. शिवकुमार शर्मा, हरिप्रसाद चौरसिया आणि काब्रा या तिघांपैकी पहिले दोघे घराघरांत पोचले. तिसऱ्याचं नाव मात्र "आणि इतर"सारखं घेतलं जातं.

माझं म्हणणं सरळ आहे. आपल्याकडे ज्या गिटारवादनाची सर्वांत कमी कदर झाली ते काब्रांचं. त्या काळी हवाईयन गिटार म्हणजे सिनेमाच्या चाली वाजवायचं वाद्य. काब्रा मूळचे जोधपूरचे, उस्ताद अली अकबर खाँसाहेबांचे शिष्य. त्यांनी तीच गिटार मांडीवर आडवी घेतली, तिला चिकारी (तालासाठी छेडायच्या बाजूच्या तारा) जोडली आणि तिच्यावर रीतसर आलाप-जोड-झाला, म्हणजे संथपासून जलदपर्यंतचा रागविस्तार मांडला.

यात अवघड काय, ते हातात घेतल्याशिवाय कळत नाही. वडिलांची जुनी हवाईयन गिटार माझ्याकडे आहे. तारा उचललेल्या असतात, बोट पडद्यावर टेकत नाही, डाव्या हातात नुसता स्टीलचा बार. अहिर भैरवचा कोमल रिषभ घ्यायला गेलो की बार केसभर पुढे सरकतो आणि सगळा रंग उतरतो. शिवाय तार छेडल्यापासून आवाज विझायला लागतो, त्यामुळे मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, त्याच्या आत पोचवावी लागते. काब्रांची मींड ऐका. ती पोचते, आणि पोचल्यावरही स्वर जिवंत असतो.

तिहाई

खर्जाची तार, तुमचा जिव्हाळा समजला, पण "कदर झाली नाही" हे पटत नाही. काब्रांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला. देवाशिष भट्टाचार्यांसारखा शिष्य त्यांच्याकडे शिकला आणि जगभर वाजवतो. 'कॉल ऑफ द व्हॅली' इतकी खपलेली शास्त्रीय तबकडी शोधावी लागेल. तुमच्या मित्राला नाव माहीत नाही ही ऐकणाऱ्याची उणीव आहे.

आणि दुसरी बाजूही मांडतो. मी काब्रांचे स्वतंत्र राग ऐकले आहेत. आलापात ते उंचीवर आहेत, वाद नाही. द्रुतात, म्हणजे जलद लयीत, मात्र बारची मर्यादा मला ऐकू येते. तारेला टेकणारा बिंदू एकच, त्यामुळे सतारीतली कृंतनं (डाव्या बोटांनी तार ओढून काढलेले झटपट स्वर) किंवा सरोदातल्या बोटांच्या हरकती तिथे तशा निघत नाहीत. पुढे विश्वमोहन भट्टांनी तरफेच्या (आपोआप झंकारणाऱ्या) तारा घालून वाद्यच बदललं आणि १९९४मध्ये अमेरिकन गिटारवादक राय कूडरबरोबरच्या तबकडीला ग्रॅमी मिळालं. लोकांचं लक्ष तिकडे गेलं, कारण वाद्य पुढे गेलं होतं. याला मी अन्याय म्हणणार नाही.

ऑर्केस्ट्रातला काका

दोघांचंही वाचलं. पंडितजींना नमस्कारच. पण त्यांचं नाव तबकडीवर छापलेलं तरी आहे! ज्यांचं नाव छापलंच गेलं नाही त्यांचं काय?

मी सव्वीस वर्षं ऑर्केस्ट्रात गिटार वाजवली. गणपती, नवरात्र, कामगार वसाहती, कधी साखर कारखान्याचं मैदान. 'चुरा लिया है' सुरू करताना एक मुलगा ग्लासवर चमचा मारायचा, मग मी गिटार धरायचो. गायिकेने तोंड उघडण्याआधी मैदानातून शिट्ट्या यायच्या. त्या शिट्ट्या गिटारला होत्या. मूळ रेकॉर्डिंगमध्ये ती भूपिंदर सिंगांनी वाजवलेली आहे. 'दम मारो दम'ची सुरुवातही त्यांचीच. 'दिल ढूँढता है' किंवा 'एक अकेला इस शहर में' गाणारा आवाज म्हणून भूपिंदर सगळ्यांना ठाऊक आहेत. २०२२मध्ये ते गेले तेव्हा माझ्या ओळखीतल्या बहुतेकांना त्यांची गिटार पहिल्यांदा कळली. गाण्यातला तो तुकडा आठ-दहा सेकंदांचा, पण पन्नास वर्षं टिकला. वादकाचं नाव मात्र कॅसेटवर कधी आलं नाही.

तिहाई

काका, तुमच्या अनुभवापुढे मी लहान आहे. तरी एक विचारतो. तो तुकडा संगीतकार पंचमदांच्या (आर. डी. बर्मन) डोक्यातला असेल तर श्रेय कोणाचं? वाजवणाऱ्याने लिहून दिलेलं वाजवलं, तर त्याला एकलवादन म्हणावं का?

ऑर्केस्ट्रातला काका

लिहून दिलेलं मी रोज वाजवायचो, मला विचारा. स्वरलिपीत स्वर असतात. तार किती दाबायची, कुठे किंचित मागे राहायचं, आघात नखाने की बोटाच्या मांसल भागाने, हे कागदावर नसतं. तेच सूर दुसऱ्या मुलाने वाजवले की मैदान गप्प राहायचं. हे मी अनेकदा पाहिलंय, बाळा. चाल संगीतकाराची, मान्य. जीव हाताचा.

मांडवीकाठ

गोव्याचं नाव कोणीच घेतलं नाही, म्हणून लिहायला बसले. अमान्सियो डिसिल्वा हे नाव कोणी ऐकलंय? १९३६चा जन्म, मुंबईचा, घराणं गोव्याचं. जॅझ वाजवायचा. साठच्या दशकात लंडनला गेला आणि १९६९ साली जमैकात जन्मलेल्या जो हॅरियट या सॅक्सोफोनवादकाबरोबर तबकडी केली, नाव 'हम दोनो'. तिच्यात 'बॅलड फॉर गोवा' आहे. मी ती पणजीत एका पावसाळी दुपारी पहिल्यांदा ऐकली आणि उठून दिवा लावायचं विसरले.

त्याची 'कोंकण डान्स' ही तबकडी सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला ध्वनिमुद्रित झाली आणि बाहेर आली २००६मध्ये. तो १९९६लाच वारला होता. काब्रांना पुरस्कार मिळाला, भूपिंदरना गायक म्हणून तरी ओळख मिळाली. ह्या माणसाला आपली ही तबकडी बाजारात आलेली बघायलाही मिळालं नाही. इंग्लंडमधले जॅझवेडे त्याच्या जुन्या तबकड्या जपून ठेवतात, आणि त्याच्या गावच्या मुलांना तो माहीत नाही. मला हे लागतं.

डिस्टॉर्शन

मुद्दा थोडा रॉककडे नेतो. अमेरिकेच्या शिकागो बँडचा गिटारवादक टेरी कॅथ. गाणं '२५ ऑर ६ टू ४', १९७०. अल्बमवर गाणं पाच मिनिटांच्या आसपास आहे आणि मधला सोलो आधी सरळ, मग वाह-वाहवर (आवाजाला 'वाह' असा रंग देणारं पेडल) असा उसळत जातो. रेडिओसाठी सिंगल काढली तेव्हा गाणं तीन मिनिटांच्या आत बसवलं आणि कात्री मुख्यतः सोलोवर चालली. कॅथ १९७८मध्ये बत्तीस पूर्ण होण्याआधी गेला. पुढे बँड प्रेमगीतांसाठी प्रसिद्ध झाला आणि गिटार लोकांच्या कानातून गेली. म्हणून तिहाई म्हणतात तसं "ऐकणाऱ्याची उणीव" हे अर्धंच खरं. ऐकणाऱ्यापर्यंत काय पोचवायचं हे कोणीतरी आधी ठरवतं.

खर्जाची तार

मांडवीकाठ, 'बॅलड फॉर गोवा' काल रात्री दोनदा ऐकली. आभार मानायला शब्द कमी पडतात. "सर्वांत कमी कदर" हा माझा शब्द मी मागे घेतो. तो मान डिसिल्वांकडे जायला हवा.

काब्रांवरचं म्हणणं मात्र सोडत नाही. तिहाई, बारला एकच बिंदू मिळतो हे तुमचं बरोबर आहे. पण त्याच कारणाने काब्रा दोन स्वरांमधल्या जागेत राहिले, आणि मला ऐकायची असते ती जागा. द्रुत तानेसाठी मी सरोदाकडे जाईन. पुरस्काराचं म्हणाल तर तो जाणकारांनी दिला. माझी तक्रार आपल्याबद्दल आहे, घरात ती तबकडी असलेल्यांबद्दल.

तिहाई

आज संध्याकाळी पुन्हा लावली. या वेळी बासरीकडे मुद्दाम लक्ष दिलं नाही, फक्त गिटारच्या मागे गेलो. द्रुताबद्दलचं मत तेच आहे. पण देसमध्ये निषादावरून खाली उतरताना एका ठिकाणी मी तबकडी थांबवून मागे नेली, तीन वेळा.

काका, तुम्ही तो ग्लासनंतरचा तुकडा नखाने वाजवायचात की बोटाने?

ऑर्केस्ट्रातला काका

आधी नखाने. तारा तुटायला लागल्या तेव्हापासून बोटाने, आणि तेच बरं लागायचं.