हार्श नॉइज हे संगीतच आहे, छळ नाही

खरखर
मागच्या आठवड्यात खयालाच्या चर्चेत कुणीतरी लिहिलं की मर्झबाउ वगैरे हार्श नॉइज ऐकणारी पोरं नुसता स्वतःचा छळ करून घेतात. मला हे अजिबात पटलं नाही, म्हणून हा धागा.

आधी ही चीज काय आहे ते सांगतो. टोकियोचा मासामी अकिता १९७९ पासून मर्झबाउ या नावाने हे करतोय. पत्र्याच्या तुकड्याला त्याची थरथर टिपणारा पिएझो माइक चिकटवायचा, पत्रा घासायचा आणि तो आवाज एकापुढे एक लावलेल्या, आवाज फाडणाऱ्या डिस्टॉर्शन पेडलांतून काढायचा. नाहीतर ऑडिओ मिक्सरचं आउटपुट त्याच्याच इनपुटला जोडायचं. मग बाहेरून काहीही न देता मिक्सर आपोआप किंचाळू लागतो. सूर नाही, ठेका नाही, बहुतेकदा शब्दही नाहीत.

सुरुवातीला अंगावर नुसती भिंत कोसळते. थोड्या वेळाने कान शोध घेऊ लागतो. तळाशी जाड घरघर सरकत असते, वर बारीक चरचर, आणि मध्येच कुठेतरी पोकळी पडते. गाणं ऐकताना आपण समेची वाट बघतो, पुढची ओळ मनात आधीच म्हणतो. इथे वाट बघायला काहीच नाही, त्यामुळे या क्षणी जे चाललंय तेवढंच ऐकावं लागतं. डोक्यातली दिवसभराची बडबड तेवढा वेळ थांबते. मला हे दुसऱ्या कुठल्याच संगीतात मिळालेलं नाही.

झुमरा
खयालगायक अमीर खाँसाहेबांच्या इंदुरात राहून हे लिहिताय याचं वाईट वाटतं. त्यांचा झुमरा तालातला विलंबित खयाल ऐका. चौदा मात्रा इतक्या संथ की ऐकणाऱ्याच्या धीराची परीक्षा होते. पण एकेक स्वरसमूह मेरखंडाच्या अंगाने, म्हणजे त्याच स्वरांच्या उलटसुलट मांडण्यांतून, उलगडत जातो, आणि राग हळूहळू समोर उभा राहतो. तुमच्या पत्र्यातून काय उभं राहतं?

खरखर
काका, खाँसाहेब मीही ऐकतो. पण तानपुऱ्याची जवारी आठवा. तारा जिच्यावर टेकतात ती घोडी घासून तिला बारीक उतार देतात, तारेखाली दोरा सरकवतात, तार घोडीला चाटत राहते आणि त्यातून तो झंकार निघतो. ही खरखर आपण मुद्दाम, मेहनतीने तयार करतो. ती नसेल तर तानपुरा मुका वाटतो. आवाजाच्या पोताचा आनंद आपल्याला परका नाही. हे लोक फक्त पोतच घेतात आणि बाकीचं सोडतात.

झुमरा
जवारी षड्जाची सेवा करते. तानपुरा नीट लागला की न छेडलेला गंधार ऐकू येतो, त्यासाठी हा सगळा खटाटोप. बाकीचं सोडलं म्हणता, तर जे सोडलं तेच संगीत होतं. याला ध्वनीचा प्रयोग म्हणा, माझी हरकत नाही.

निळी_कॅसेट
मी हार्श नॉइज आवडीने ऐकते, त्यामुळे इथवर खरखरच्या बाजूने आहे. पण पॉवर इलेक्ट्रॉनिक्स हा नॉइजचा दुसरा प्रकार कुणी त्याच पंक्तीला बसवू नये. लंडनच्या व्हाइटहाउस या बँडने १९८० मध्ये सुरुवात केली, आणि पॉवर इलेक्ट्रॉनिक्स हे नावही त्यांच्याच विल्यम बेनेटने दिलं. तिथे शब्द असतात. किंचाळत दिलेल्या शिव्या, बायकांवरचे अत्याचार, खुनी माणसं. फॅसिस्ट चिन्हं मिरवणारेही या प्रकारात निघाले. आणि विचारलं की उत्तर ठरलेलं, आम्ही फक्त आरसा दाखवतो.

खरखर
हिंसेबद्दल बोलायचं तर आवाजही हिंस्र हवा, असं मला मनापासून वाटतं. गोड चालीत घातलेली हिंसा सहज पचते. इथे ती पचत नाही, घशात अडकते.

निळी_कॅसेट
कुणाच्या घशात? त्या रेकॉर्डांमध्ये मारणाऱ्याचं नाव असतं, मारली गेली तिचं क्वचितच. बाजू तिथेच घेतलेली असते, आवाज कितीही कर्कश असो.

परदेशीपुरेकर
माझा मुद्दा वेगळा आहे. १९१३ मध्ये इटलीत रुसोलो या चित्रकाराने यंत्रांच्या गोंगाटातून नवी कला काढायची म्हणून जाहीरनामा लिहिला. १९७६ मध्ये थ्रॉबिंग ग्रिसल या इंग्लिश बँडने इंडस्ट्रियल रेकॉर्ड्स ही रेकॉर्ड कंपनी काढली, त्यावरूनच असल्या गोंगाटी संगीताला इंडस्ट्रियल म्हणू लागले. माझे बाबा इथल्या एका कापड मिलमध्ये वीव्हिंगला होते. शेकडो माग एका छपराखाली, आणि कानात बोळे वगैरे काही नाही. ते घरी आले तरी ओरडूनच बोलायचे. अशा कानातले उंच पट्टीतले आवाज आधी जातात. नातीचं बोलणं त्यांना कधी धड ऐकू आलं नाही. त्यांना तो आवाज बंद करायची सोय नव्हती. तुम्ही तोच आवाज हौसेने विकत घेता, हे मला सहन होत नाही.

खरखर
दादा, बाबांचं जे झालं तो अन्याय होता, आणि त्याची बरोबरी कुठल्याच रेकॉर्डशी होत नाही. पण मी ऐकतो तो आवाज माझ्या हातात आहे. मी बेताच्या आवाजात ऐकतो. कानाला इजा आवाजाच्या पातळीने होते, खडबडीतपणाने नाही. रंगपंचमीच्या गेरमधला, म्हणजे इंदूरच्या मिरवणुकीतला, डीजे सुरेल गाणीच वाजवतो, तरी कान बधिर करतो.

निळी_कॅसेट
बेताच्या आवाजात अर्धंच मिळतं, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. छातीत धडधड होणं हा या संगीताचा भागच आहे.

परदेशीपुरेकर
मग हिशोबही सांगा. ८५ डेसिबलला आठ तास ही मर्यादा धरतात, आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मी होते. म्हणजे १०० डेसिबलला पंधरा मिनिटं. असली मैफल तासभर चालणार असेल तर कानात बोळे घालूनच जा, आणि ते दारात मिळत नसतील तर आयोजकांशी भांडा.